नाक दाबलं तरी श्वास येतोय!

जागेपणी मी आजवर एकही मेंढरू हरवलेलं नाही. झोपेत मात्र रोज एक हरवायचं.

स्वप्न ठरलेलं. दिवस मावळायला आलाय, मेंढरं अंगणातल्या जाळीच्या कुंपणात कोंडायची वेळ झालीय, आणि मी जाळीच्या तोंडाशी उभी राहून एकेकाला आत घेतेय. आता आम्ही मेंढरं राखणारी माणसं मेंढरं आकड्यांनी मोजत नाही, तोंडांनी मोजतो. ही भोरी, ही चांदी, ही आखूड कानाची बुची, ही लंगडी, हा आमचा उंडगा एडका... सगळी आत गेली की मनात एक जागा रिकामी राहायची. कुणाचं तरी तोंड दिसलं नाही! कुणाचं, ते काही केल्या आठवायचं नाही. मग मी वावरावावरांतून हाका मारत फिरायची, "याऽऽ याऽऽ हुर्रर्र!"

इथपर्यंत ठीक होतं. अडचण एवढीच, की हाक स्वप्नात थांबायची नाही, तोंडातून बाहेर पडायची. आणि माझी हाक म्हणजे साधीसुधी नाही. आमचे मालक होते तेव्हा म्हणायचे, "हिनं इथं हाक मारली की बोरीच्या बाजारात भाजीवाल्या वळून बघतेत." आधी घरातली माणसं उठायची, मग बाहेरची मेंढरं, मग गल्लीतली कुत्री. सगळ्यात शेवटी मी उठायची आणि विचारायची, "काय झालं रे? कोण वरडायलंय?"

माझा मुलगा दिगंबर (आम्ही दिगू म्हणतो) बोरीला ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात काम करतो. झोप झाली नाही म्हणून तो दुकानात गिऱ्हाइकासमोरच पेंगायला लागला. त्यात दवाखान्यातल्या डॉक्टरनं माझा बीपी बघून सांगितलं, आजींचा ताण कमी करा. दिगूनं घरी आल्या आल्या ताण शोधून काढला. तो अंगणात रवंथ करत बसला होता.

"माय, मेंढरं काढून टाकू."

"कामून?"

"वय झालंय तुझं. दिवसभर राखतीस ते राखतीस, वर झोपेत पण राखायलीस!"

"मग तुला काय त्रास हाय?"

"मला?" दिगूनं आपले लालभडक डोळे माझ्यासमोर धरले. "जब्बारभाईला निरोप देतो. येऊन बघून जातेल. तुझं झोपेतलं वरडणं बंद झालं तर राहू दे मेंढरं. न्हाई झालं, तर न्यायला सांगतो."

(जागेपणीच्या वरडण्याबद्दल तो काही बोलला नाही. पोरगा गुणाचा आहे.)

जब्बारभाई म्हणजे जिंतूरचा मेंढरांचा व्यापारी. माणूस चांगला, आमच्या मालकांपासून येणं-जाणं. पण तो अंगणात आला की मी आधी जाळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. तो मेंढराच्या पाठीवरून हात फिरवतो तेव्हा मला वाटतं माझ्याच पाठीवरून फिरतोय, आणि मी किती भरेन याचा हिशेब चाललाय!

मेंढरं गेल्यावर मी काय करणार, हे मला सुचत नव्हतं. आणि हे दिगूला सांगायचं कसं, तेही सुचत नव्हतं. मी लय बोलते, सगळ्या गावाला माहीत आहे. पण असलं काही बोलायची वेळ आली की मी पावसावर, गुडघ्यावर, नाहीतर सुमनच्या (म्हणजे माझ्या सुनेच्या) आमटीतल्या मिठावर बोलते.

तेवढ्यात सुट्टीला पल्लवी आली. ही माझी नात, परभणीला कॉलेजात शिकते. तिच्याकडं प्रत्येक दुखण्याचा इलाज मोबाईलमध्ये असतो. माझं दुखणं ऐकून तिनं जरा वेळ मोबाईलवर बोट फिरवलं आणि निकाल दिला.

"आजी, सोपं हाय. स्वप्नात असताना तुला कळलं पायजे, की हे स्वप्न हाय. एकदा कळलं की मग सगळं तुझ्या हातात. मेंढरू म्हटलं की मेंढरू हजर! उडावं वाटलं तर उडता पण येतंय."

"या वयात उडून काय करू?"

"वरून मेंढरू लवकर दिसंल की!"

पोरगी हुशार आहे, यात वादच नाही.

आता हे कळायचं कसं? तर म्हणे, झोपताना अंग झोपवायचं आणि ध्यान जागं ठेवायचं. मी हसले. ही काय नवी विद्या झाली? काठीवर हनुवटी टेकून उभ्याउभ्या झोपायचं आणि एक कान कळपाकडं ठेवायचा, हे आमच्यात दुधाचे दात पडायच्या आत येतं! पण पल्लवी म्हणाली, आडवं पडून करायचं. तिथंच गाडी अडली. आडवी पडले की मी थेट तळाला जाते, विहिरीत घागर सुटल्यासारखी.

"मग मनात काहीतरी मोजत राहा," ती म्हणाली. "बाहेरच्या देशातले लोक झोप यावी म्हणून मेंढ्या मोजतेत."

"त्यांच्याकडं मेंढरं नसतेल."

"कशावरून?"

"अगं, ज्याच्याकडं हायेत त्याला मोजून झोप येईल का? एक कमी भरलं की उठलाच बॅटरी घेऊन!"

तरी करून बघितलं. डोळे मिटले आणि एकेक तोंड समोर आणलं. भोरी, चांदी, बुची... लंगडीपर्यंत आले आणि आठवलं, लंगडीच्या खुराला औषध लावायचं राहिलंय. उठले, लावून आले. परत आडवी झाले, परत भोरीपासून. यावेळी चांदीपाशीच अडले, कारण चांदी दुपारपासून पाण्याला आली नव्हती. अशा रीतीनं त्या दिवशी मेंढरांची लय सेवा झाली. झोप मात्र कुणाचीच झाली नाही.

मग पल्लवीनं दुसरी तऱ्हा काढली. आडवं पडायचं आणि एक हात कोपरापासून उभा ठेवायचा. ध्यान सुटलं, झोप लागली, की हात पडतो आणि माणूस सावध होतो. मी म्हटलं, हे जमेल. दुपारी मेंढरं सावलीला बसली की आमच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली मी बाज टाकते. घर सडकेला लागून. बाजेवर पडले, हात उभा केला, आणि खरंच बरं वाटलं. अंग जड होत गेलं, पाखरांचा आवाज लांब लांब गेला...

करकचून ब्रेक लागला! डोळे उघडते तर समोर अख्खी एसटी उभी, खिडक्याखिडक्यांतून माणसं माझ्याकडं बघायलेली, आणि कंडक्टर दारातून ओरडतोय.

"ओ आजी, यायचंय का?"

"कुठं?"

"जिंतूर! हात तर केव्हाचा वर केलाय तुमी!"

"मला कुठं न्हाई जायचं. मी झोपले."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. (तो अजून उभाच होता. हात, कंडक्टर नव्हे.) मग त्यानं घंटी अशी ओढली, की दोरी तुटली नाही हेच नवल.

"एवढ्या आरामात झोपून एसटी थांबवणारी पहिलीच बाई बघितली," आतून कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगूच्या दुकानात ही बातमी त्याच्याआधी पोचलेली होती.

तरीही पल्लवी हरली नाही. म्हणाली, "आजी, आता शेवटचा उपाय. नाक चिमटीत धरायचं अन् श्वास घ्यायचा. श्वास अडकला तर तू जागी. आला तर स्वप्न! दिवसातून दहा ठिकाणी करायचं, मनजे सवय लागून स्वप्नात पण करशील."

(तोंडाबद्दल ती काही बोलली नाही. आमच्या घरात माझ्या तोंडाबद्दल सहसा कुणी बोलत नाही.)

मी नाक दाबत सुटले. नळावर दाबलं, पारावर दाबलं. तोंडात पानाचा तोबरा, नाक चिमटीत, श्वास बंद. जागी! वाटेनं जाताना समोरून कुणी आलं की दाबलं. दोनचार बायकांनी बोलणं सोडलं, एकीनं घरी जाऊन आंघोळ केली म्हणतात.

पण कळस झाला तो पेडगावला. तिथं सुमनचं माहेर. विहीणबाई कौसाबाई स्वभावानं तिखट, हातानंही तिखट. ताट वाढलं, मी पहिला घास तोंडात घातला, आणि मनात आलं, दिवसभरात इथं अजून परीक्षा झालीच नाही. लावली चिमटी नाकाला!

श्वास अडकला. म्हणजे जागी. पण त्याच्याबरोबर घासही अडकला, आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं विहीणबाई?" कौसाबाईंनी पळी खाली ठेवली. "वास यायलाय का आमच्या आमटीला?"

"न्हाई वो! मी आपलं बघत होते... हे खरं हाय का स्वप्न."

"एवढी वाईट झाली का?"

"न्हाई, न्हाई! उलट..." पण ठसक्यापुढं उलट-सुलट काही बोलता येईना. परत येताना गाडीत सुमन माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्या वाटचंही बोलत होते, म्हणून तितकंसं जाणवलं नाही.

आणि रात्रीचं वरडणं? ते चालूच! दिगूनं जब्बारभाईला निरोप धाडून दिला. बाजाराच्या दिवशी येतो म्हणाला. हातात थोडेच दिवस राहिले. आता स्वप्न ताब्यात आलं नाही तर अंगण रिकामं.

त्या दुपारी मी निर्धारानं बाजेवर पडले. उपचार म्हणून पानसुद्धा थुंकून टाकलं. हात खाली ठेवला (एसटीची वेळ होती). सुमननं आणि पल्लवीनं दोन दिवस खपून कुरडया घातल्या होत्या, त्या अंगणात दोन बाजांवर धोतरं अंथरून वाळत होत्या. मी त्यांच्याकडं बघत बघत डोळे मिटले आणि एकेक तोंड समोर आणलं. भोरी. चांदी. बुची. लंगडीचा खूर आठवला, पण मी उठले नाही! अंग दगड झालं. सुमनचा भांड्यांचा आवाज कुठूनतरी खालून आल्यासारखा यायला लागला. मिटल्या डोळ्यांपुढं पांढरेकाळे ठिपके हलायला लागले, त्या ठिपक्यांची मेंढरं झाली, आणि मी मनात म्हणत होते, मी बघायले, मी बघायले...

"भोरी अच्छी भरी है, दिगंबरभाई."

डोळे उघडले. जाळीत जब्बारभाई उभा. भोरीच्या पाठीवर हात. शेजारी दिगू.

आता मला सांगा, जब्बारभाई यायचा होता बाजाराच्या दिवशी. दिगू या वेळी असतो दुकानात. मग हे दोघं माझ्या अंगणात आले कुठून? मी उठून बसले, तोंडाचा आ वासला, आणि चिमटीत नाक धरून श्वास ओढला.

आला! भसाभसा आला! छातीभर आला!

"पल्लेऽ!" मी वरडले. "जमलं गं! स्वप्न हाय!"

पल्लवी होती आत, कानात गाणी घालून. तिला काही ऐकू गेलं नाही. मला मात्र काय आनंद झाला म्हणून सांगू! आता सगळं माझ्या हातात. पहिलं काम काय करावं? मोठी माणसं काय करतील ते करोत, मी हुकूम सोडला.

"सुमन! चहा आण. साखर घालून!"

माझी साखर बंद आहे. पण माझा आवाज ऐकून सुमन निमूट चहा घेऊन आली. साखर घालून! मला तर खात्रीच पटली. जागेपणी असं कधी झालंय?

चहा पिऊन मी जाळीपाशी गेले. "जब्बारभाई, कान धर."

"हां अम्मा?"

"कान धर म्हटलं. माझ्या भोरीच्या पाठीवर हात ठेवतोस?"

बिचाऱ्यानं दिगूकडं बघितलं. "ऊन लग्या क्या अम्मा को?" म्हणत त्यानं एक कान धरला. वडीलधाऱ्यांचा मान ठेवणारा माणूस, स्वप्नात काय आणि बाहेर काय!

"माय, काय करायलीस?" दिगू म्हणाला.

"तू गप. आज मी बोलणार. स्वप्नात कुणाला भ्यायचं?" आणि मी बोलले. इतके दिवस पावसावर आणि गुडघ्यावर घालवलेलं सगळं बाहेर आलं. "मेंढरं विकतो म्हणतोस. विकल्यावर मी कुणाशी बोलू? तू दुकानात. सुमन कामात. पल्ली कानात बोंडं घालून. तू घरी आलास की तू पण बोंडं घालतोस! मी बोलते अन् तुमी मान हलवता, ती गाण्यावर हलती का माझ्यावर, ते मला कळत न्हाई व्हय? ही एवढी तोंडं हायेत माझं ऐकणारी. मी बोलायले की कान टवकारतेत. मी गप झाले की मान वर करून बघतेत, म्हातारीला काय झालं मनून. अन् तू म्हणतोस ताण! मला काय यांचा ताण हाय? ही जातेल, याचा हाय. म्हणून तर झोपेत रोज एक कमी भरतंय!"

दिगूनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, स्वप्नातला दिगू फार समजूतदार आहे.

मग मी जाळी उघडली आणि हाक दिली. "याऽऽ याऽऽ हुर्रर्र!"

सगळा कळप उसळून बाहेर आला. पुढं भोरी, मागं सगळी, आणि वाटेत कुरडयांच्या दोन बाजा! सुमन किंचाळली, "आत्याबाई, कुरडयाऽऽ!"

"खाऊ दे गं! स्वप्नातल्याच हायेत!"

कुरकुर, कुरकुर, कुरकुर. काय आवाज होता! जब्बारभाई एका हातानं कान धरून दुसऱ्या हातानं मेंढरं हाकायला बघत होता, पण एक मेंढरू त्याला जुमानेना. मी मात्र सवयीनं तोंडं मोजत होते. भोरी आहे. चांदी आहे. बुची, लंगडी... एक तोंड कमी! या स्वप्नातही! पण यावेळी मला कळलं कुणाचं. उंडगा! उंडगा एडका नव्हता.

हरकत नाही. वरून बघू.

आमच्या अंगणात कडब्याची गंजी असते. उन्हाळा सरत आला होता, ती छातीएवढीच उरली होती. मी बाजेवर पाय दिला आणि वर चढले.

"माय! उतर खाली!"

"अम्मा, उतरो! हड्डी टूटेगी!"

"भिऊ नका, मी आत्ता उडते."

उगीच जोखीम नको म्हणून उडायच्या आधी परत एकदा नाक दाबून बघितलं. (एवढी मी सावध आहे.) श्वास व्यवस्थित आला. पदर खोचला, दोन्ही हात पसरले, "याऽऽ!" म्हटलं, आणि उडाले.

गंजीच्या पलीकडं लेंडीखताचा ढीग होता. वावरात टाकायचा म्हणून दिगूनं रचलेला. मी त्यात कमरेपर्यंत रुतले.

ढिगाच्या आड सावलीला झोपलेला उंडगा दचकून उठला आणि बेंबटत माझ्या नाकासमोर येऊन उभा राहिला. म्हणजे उडाल्यावर मेंढरू सापडतं, हे पल्लवीचं तंतोतंत खरं निघालं! त्याच घटकेला कमरेतून अशी कळ आली, की माझ्या लक्षात आलं. स्वप्नात कंबर दुखत नसते.

मी हळूच विचारलं, "दिगू, तू खरा हायस का रे?"

"खरा हाय माय."

"अन् जब्बारभाई?"

"हम बी खरे हैं अम्मा," जब्बारभाई म्हणाला. "बोरी में काम था, दिगंबरभाईकू दुकान से साथ लेके आजच आया. कान सोडू का?"

दोघांनी मिळून मला उपसून काढलं. (काढलं म्हणवत नाही, उपसलंच.) दवाखान्यात नेलं. मोडलं काही नव्हतं, लेंडीखतानं झेललं. तोवर जब्बारभाईनं आपला निर्णय दिला होता. "दिगंबरभाई, ये माल हमकू नक्को. ये जनावर अम्माकीच सुनतेत. गाडीत घालायचे तर अम्माला बी घालावं लागंल. अन् अम्मा गाडीवरून उडी मारतेल."

रात्री दिगू माझ्या बाजेपाशी येऊन बसला.

"तू दुपारी म्हणालीस, ते..."

"स्वप्न समजून म्हणाले रे."

"मग आता जागेपणी सांग."

"जागेपणी मला असलं बोलता येत न्हाई. गुडघ्याचं ऐकायचंय का?"

"सांग," दिगू म्हणाला. आणि त्यानं कानातली बोंडं काढून खिशात घातली. मी त्याला दोन्ही गुडघ्यांचं सविस्तर सांगितलं. मेंढरं राहिली.

स्वप्न अजून येतं, कधीमधी वरडतेही. पण दिगूनं आता वेळ बदलून घेतलीय. दिवसा बोंडं काढतो, झोपताना घालतो. कुरडया मात्र मला एकटीला परत घालाव्या लागल्या. सुमन बाजूला बसून नुसतं बघत होती.

राहता राहिली परीक्षा. पल्लवीनं पोलिसासारखी चौकशी केली. नळावर काय होतं तोंडात? पान. पेडगावला? घास. अन् त्या दुपारी? काहीच नव्हतं. तिनं कपाळावर हात मारला.

"आजी! नाक दाबताना तोंड मिटायचं असतंय! उघड्या तोंडानं श्वास येणारच की!"

"हे आधी सांगायचं होतं."

"मला वाटलं, मिटशील तू."

आतून सुमनचा आवाज आला, "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतेत. आत्याबाईंचं आधीच उघडं असतंय, ते बिचारं काय करील?"

मला राग आला. म्हटलं, एकदा नीट करून दाखवतेच. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजेवर बसले, नाक दाबलं, आणि ओठावर ओठ घट्ट मिटून घेतले. श्वास अडकला. परीक्षा बरोबर! नाक सोडलं, पण तोंड म्हटलं राहू दे जरा मिटलेलं, सुमनला दिसू दे. तशीच थोडा वेळ गप बसून राहिले.

आधी भोरीनं मान वर केली. मग उंडगा उठला, मग एकेक करून सगळा कळप उठून माझ्याकडं बघत उभा राहिला. भांडी घासता घासता सुमन थांबली, तिनं आतूनच हाक दिली, "आत्याबाई?" मी गप. ती राखेच्या हातानं बाहेर आली, पल्लवी मोबाईल टाकून आली, आणि त्या दिवशी नेमका घरी असलेला दिगू अर्ध्या जेवणावरून अनवाणी पळत आला. त्यानं माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं.

मी म्हटलं, "अरे, काय झालं?"

दिगू मटकन खाली बसला. "काय न्हाई, माय. आवाज बंद झाला, तर आमाला वाटलं तू गेलीस!"